कोल्हापूरहून घाटरस्त्यांची लांब पल्ल्याची सायकल सफर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातून गगनबावडा, फोंडा, आंबा किंवा आंबोली या घाटांकडे सायकलने जाऊ इच्छिणाऱ्यांकडून दरवर्षी दिवाळीच्या आसपास तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेकांना अंतर माहीत असते, पण त्या अंतरात दिवस कसा सरतो याचा अंदाज नसतो. म्हणून उत्तरांचा भर दिवसाच्या आखणीवर आहे. एका उत्तरातील गोष्ट दुसरीकडे लागते तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी सपाटीवर दिवसात १०० किलोमीटर सहज जातो. घाटाच्या वाटेवर दिवसाला किती अंतर धरावे?

घाटाच्या वाटेवर आधी चढण मोजावी आणि मग अंतर. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन ९० किलोच्या आसपास धरले, तर १०० मीटर उंची गाठण्यासाठी जवळपास ९० किलोज्यूल काम करावे लागते. नियमित सराव असलेला, पण शर्यतीत न उतरणारा माणूस तासन्‌तास १०० वॅटच्या आसपास जोर लावू शकतो. म्हणजे प्रत्येक १०० मीटर उंचीला त्याला १५ मिनिटे लागतात. ५०० मीटरचा घाट त्यामुळे सव्वा तासाचा होतो, आणि रस्त्याचे घर्षण, पाणी पिण्याचे थांबे व फोटोचा मोह जमेस धरला तर पावणेदोन तासांचा.

दिवसाचा हिशेब असा मांडावा: सामानासह सपाटीचा वेग ताशी १६ किलोमीटर धरून अंतराचे तास काढावेत, त्यात प्रत्येक १०० मीटर चढणीची १५ मिनिटे मिळवावीत आणि येणाऱ्या प्रत्येक तासामागे १० मिनिटे विश्रांतीची धरावीत. घाटाची लांबी अंतरातही मोजली गेल्यामुळे हा हिशेब थोडा सैल राहतो. तो तसाच राहू द्यावा, कारण पंक्चर आणि जेवण त्याच सैलपणातून भागते. बेरीज दहा तासांच्या पुढे गेली, तर मुक्काम अलीकडे आणावा. सपाटीचे १०० किलोमीटर मारणाऱ्याने पहिल्या खेपेस घाटाच्या दिवशी ७० ते ८० किलोमीटरच धरावेत, असे आमचे मत आहे.

२. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना मोठा चढ लागतच नाही असे ऐकले आहे. मग एवढी तयारी कशासाठी?

ऐकले ते खरे आहे, आणि नवख्यांची फसगत नेमकी तेथेच होते. सह्याद्रीची पश्चिमेची बाजू कड्यासारखी तुटलेली आहे, तर पूर्वेची बाजू हळूहळू उतरत देशावर येते. कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे बालिंगा, कळे, साळवण, असळज अशी गावे मागे टाकत गगनबावड्यापर्यंतचे सुमारे ५५ किलोमीटर किरकोळ चढउतारांतच सरतात. त्यानंतर करूळ घाट जवळजवळ अर्धा किलोमीटर उंची उतरवून आपल्याला तळकोकणात सोडतो.

जाणारा खुशीत खाली पोहोचतो. मात्र घर वर राहिलेले असते. ती उंची परतीच्या दिवशी, आदल्या दिवशी थकलेल्या पायांनी, सामानासह आणि कोकणातल्या दमट हवेत परत मिळवावी लागते. तयारी त्या दुसऱ्या दिवसासाठी करायची असते. फक्त घाटमाथ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतणार असाल, तर मात्र मोठी तयारी लागत नाही. तो ११० किलोमीटरचा साधा लांब दिवस आहे.

३. पहिल्या सफरीसाठी कोणता मार्ग निवडावा आणि तो कोणत्या दिशेने करावा?

आम्ही दोन दिवसांची फेरी सुचवतो: पहिल्या दिवशी कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी आणि तेथून फोंडाघाट गावी मुक्काम, दुसऱ्या दिवशी फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी आणि कोल्हापूर.

दिशा उलटी करता येते, पण करू नये, असे आम्ही सांगतो. त्याचे मुख्य कारण सूर्य आहे. घाटाची भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी असल्यामुळे सकाळी ती स्वतःच्याच सावलीत असते आणि दुपारनंतर तिच्यावर ऊन तापते. फोंडाघाट गाव घाटाच्या पायथ्यालाच असल्याने मुक्कामाहून निघताच चढ सुरू होतो आणि त्याचा बराचसा भाग सावलीत व झाडीत पार पडतो. उलट दिशेने गेल्यास करूळ घाट चढण्याआधी फोंड्याहून वैभववाडीपर्यंतचे अंतर कापावे लागते, आणि घाटाला हात घालेपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते. शिवाय दाजीपूरनंतर वाट लक्ष्मी तलावाच्या कडेकडेने, म्हणजे राधानगरी धरणाच्या जलाशयाजवळून, खाली उतरत जाते. कोल्हापूर तेथून ८० किलोमीटरवर असले आणि दिवस प्रश्न १ मधील अंतरापेक्षा लांब होत असला, तरी उंची आपल्या बाजूने असते.

एक सावधगिरी बाळगावी. वैभववाडी ते फोंडाघाट हा पट्टा नकाशावर निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात कोकणातील रस्ता ओढ्याकडे उतरतो आणि पुन्हा टेकाडावर चढतो, आणि हे दिवसाच्या तिसऱ्या प्रहरी, घामाने कपडे अंगाला चिकटलेले असताना, सतत चालू राहते. या लहान चढांची बेरीज पहिल्या दिवसाच्या हिशेबात घेतली नाही, तर अंधार वाटेतच गाठतो. वैभववाडीला पोहोचेपर्यंत दुपारचे तीन वाजून गेले असतील, तर तेथेच मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते.

४. रंकाळ्याभोवती रोज फेऱ्या मारतो. एवढा सराव पुरेल का?

बैठकीचा सराव त्यातून होतो, चढाचा होत नाही. चढासाठी पन्हाळा घरासमोरच आहे. शहरापासून तो २० किलोमीटरच्या आसपास आहे आणि शहराच्या तुलनेत जवळजवळ ४०० मीटर उंच आहे; त्यातील खरी चढण वाघबिळाच्या पुढे एकवटली आहे. घाटाच्या उंचीशी याची तुलना सहज होते, म्हणून आमची कसोटी अशी आहे: सफरीत जेवढे सामान नेणार, तेवढेच बांधून पन्हाळा चढावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चढावा. दुसऱ्या दिवशीची चढाई न थांबता नाही, पण न कुरकुरता झाली, तर फोंडा घाट जमेल. जोतिबाचा डोंगरही चालतो. मात्र रविवारी आणि चैत्र यात्रेच्या काळात तेथे सायकल घेऊन जाण्यात अर्थ नाही.

५. माझी सायकल साधी आहे. नवी घ्यावी लागेल का? किती गिअर हवेत?

गिअर किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे पाहावे. पुढची सर्वांत लहान चक्री आणि मागची सर्वांत मोठी चक्री यांचे दाते मोजावेत. दोन्ही सारखे, म्हणजे ३४ ला ३४, असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण दोन मीटर पुढे जाते, आणि मिनिटाला ६० फेरे मारल्यास ताशी साडेसात किलोमीटर वेग पडतो. सहा टक्के चढावर, सामानासह, एवढ्या वेगाला १२५ वॅटच्या आसपास जोर लागतो. तो तासभर टिकवणे अनेकांना जड जाते. म्हणून सामान नेणाऱ्याची पुढची चक्री मागचीपेक्षा लहान असावी; पुढे २२ ते २८ आणि मागे ३२ ते ३४ दाते असलेली गिअरची कोणतीही साधी सायकल या कामाला उत्तम आहे.

बहुतेक सायकलींत मागची चक्री बदलून हे साधते आणि त्याला नव्या सायकलीच्या किमतीचा लहानसा अंशच लागतो. टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. शर्यतीच्या सायकलीचे २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर घाटातील उखडलेल्या कडांवर आणि साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर टिकत नाहीत. गिअर नसलेल्या सायकलीविषयी प्रश्न १० पाहावा.

६. सकाळी किती वाजता निघावे?

डिसेंबरात कोल्हापुरात सूर्योदय सात वाजण्याच्या थोडा आधी आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. म्हणजे उजेड ११ तासांचा. प्रश्न १ मधील हिशेब दहा तासांचा आला असेल, तर पहिल्या उजेडाबरोबर निघण्याला पर्याय राहत नाही. पहाटे साडेपाचला अंधारात निघण्याची हौस अनेकांना असते, पण ऊस हंगामात ती टाळावी. कारण प्रश्न १२ मध्ये दिले आहे. मार्च ते मे या काळात मात्र अंधाराचा धोका पत्करूनही लवकर निघणे आणि अकरा ते चार सावलीत काढणे हाच मार्ग उरतो. त्या महिन्यांत ही फेरी नवख्यांनी करूच नये.

७. निघण्यापूर्वी मिसळ चालेल का?

कोल्हापूरच्या माणसाला नाही म्हणणे अवघड आहे, परंतु नाही. कटाचे तेल आणि तिखट पोटात असताना कळ्याच्या पुढे वाकून पॅडल मारणे त्रासाचे होते, आणि जळजळ थेट घाटापर्यंत सोबत करते. निघण्यापूर्वी पोहे, उपीट, दूध-केळी किंवा चटणी-भाकरी यांपैकी काहीही पुरते. मिसळ परतल्यावर खावी.

मुख्य मुद्दा नाश्त्याचा नसून दिवसभराच्या खाण्याचा आहे. एका ५०० मीटरच्या घाटासाठी शरीराला ५०० किलोकॅलरीच्या आसपास उष्मांक जाळावे लागतात, कारण स्नायू खाल्लेल्या उष्मांकांतील साधारण चौथा हिस्साच पॅडलपर्यंत पोहोचवतात. शंभर किलोमीटरचा उरलेला दिवस वेगळा. एवढे एका जेवणात भरून निघत नाही. म्हणून दर पाऊण तासाला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, चिक्की, केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू, असे थोडे थोडे खात राहावे. भूक लागण्याची वाट पाहू नये. भूक जाणवते तोवर पायांतले त्राण गेलेले असते. दुपारचे जेवण हलके ठेवावे, आणि तांबडा-पांढरा रस्सा रात्री किंवा घरी. हंगामात वाटेवर गुऱ्हाळे लागतात. ताजा उसाचा रस आणि गरम काकवी यांच्याइतके झटपट इंधन दुसरे नाही. मात्र रसात बर्फ घालू नये, असे सांगावे, कारण बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही.

८. पाणी किती न्यावे? नुसते पाणी पुरत नाही का?

सायकलीवर किमान दोन लिटर बसेल अशी सोय असावी आणि घाटाच्या पायथ्याशी ते पूर्ण भरलेले असावे. देशावर गावे जवळजवळ असल्याने पाण्याची अडचण येत नाही. घाटात मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत भरवशाची सोय धरू नये. डिसेंबरनंतर वाटेवरचे झरे आटतात, आणि वाहते पाणी दिसले तरी त्यावर माकडे व गुरे असतात.

दमट हवेत घाम भरपूर येतो आणि त्यातून मीठ जाते. तासन्‌तास नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते. डोके दुखते, मळमळते, आणि लोक त्याला उष्माघात समजून आणखी पाणी पितात. त्यामुळे दिवसभरातील एखादा लिटर ओआरएसचा असावा. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच मिसळावी. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी ओतून 'कडक' करण्याने फायदा होत नाही, उलट पोट बिघडते. तळकोकणात मिठाचे कोकम सरबत मिळते, ते या कामाला चांगले. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी मिठाचा आणि साखरेचा निर्णय आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

९. सामान पाठीवर घ्यावे की सायकलीवर?

सायकलीवर घ्यावे. पाठपिशवीमुळे पाठ भिजते, खांदे भरून येतात आणि सगळा भार बैठकीवर पडतो. मागे कॅरियर बसवून दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या लावाव्यात, जड वस्तू तळाशी ठेवाव्यात, आणि लोंबणारा एकही पट्टा मोकळा सोडू नये. तो मागच्या चाकात गेला की उतारावर माणूस आपटतो. दोन दिवसांच्या फेरीला सहा किलोपेक्षा जास्त सामान लागत असेल, तर पिशवी पुन्हा उघडून पाहावी.

१०. चढावर उतरून सायकल ढकलणे कमीपणाचे आहे का? गिअर नसलेल्या सायकलीने घाट होतो का?

कमीपणाचे अजिबात नाही. ताशी पाचच्या खाली वेग गेला की सायकल डगमगू लागते आणि मागून येणाऱ्या वाहनाला तिचा अंदाज येत नाही. त्यापेक्षा उतरून कडेने चालणे सुरक्षित आणि जवळजवळ तितकेच वेगवान असते. गुडघ्याच्या वाटीमागे कळ येऊ लागली, तर उतरावेच. गिअर नसलेल्या सायकलीने घाट होतो, पण अर्धा घाट चालत होतो. दूधवाल्यांनी आणि पोस्टमननी असेच डोंगर ओलांडले आहेत. वेळेचा हिशेब मात्र दुप्पट धरावा.

हेअरपिन वळणावर आतली बाजू सर्वांत तीव्र चढाची असते. मागे-पुढे वाहन नसल्याची खात्री असेल तरच थोडे बाहेरून वळावे. नाहीतर डावी कड सोडू नये.

११. उतारावर ब्रेक कसे वापरावेत? रिम तापते असे म्हणतात, ते खरे का?

खरे आहे. चढताना जेवढी ऊर्जा आपण ओततो, तेवढीच उतरताना परत मिळते, आणि वेग आटोक्यात ठेवायचा तर तिचा मोठा वाटा ब्रेकमधून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. करूळसारख्या घाटात ब्रेक सतत हलके दाबून ठेवल्यास रिम हाताला चटका बसेल इतकी तापते, आतली ट्यूब फुटू शकते, आणि डिस्क ब्रेक असतील तर त्यांची पकड मंदावते.

म्हणून सरळ पट्ट्यात सायकल सुटू द्यावी, वळणाच्या बऱ्याच आधी दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग उतरवावा आणि वळणात शिरताना ते सोडून द्यावेत. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, म्हणून त्याला घाबरून फक्त मागचा दाबत राहू नये. मात्र ओल्या किंवा वाळू पसरलेल्या वळणात पुढचा ब्रेक दाबणे टाळावे. वेग ताशी ३० च्या आत ठेवावा. मध्ये दोन वेळा थांबून रिमजवळ हात नेऊन पाहावे. ब्रेकची रबरे निघण्याच्या आदल्या दिवशी तपासावीत; त्यांवरील खाचा बुजल्या असतील, तर नवी बसवावीत.

उतारात थंडी वाजते हे अनेकांना पटत नाही. घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागला की बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. माथ्यावरच पातळ जाकीट चढवावे.

१२. ऊस हंगामात रस्त्यावर काय काळजी घ्यावी?

गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते, म्हणजे सायकलीचा चांगला मोसम आणि उसाच्या वाहतुकीचा मोसम एकच आहे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागचा दिवा अनेकदा नसतो आणि असला तरी लोंबणाऱ्या वाढ्याखाली झाकलेला असतो. पहाटेच्या अंधारात आणि धुक्यात अशी ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असेल, तर ती पाच-सात मीटरवर आल्यावरच दिसते. बैलगाड्यांचेही तसेच. म्हणून अंधारात निघू नये, निघावेच लागले तर पुढे भक्कम दिवा आणि मागे लाल लुकलुकणारा दिवा असावा.

चालत्या ट्रॉलीच्या अगदी मागे वाऱ्याचा आडोसा घेत राहण्याची खोड काही तरुणांना असते. वरून मोळी सुटली किंवा ट्रॅक्टरवाल्याने अचानक ब्रेक मारला, तर वाव राहत नाही. ट्रॉलीला ओलांडताना दुसरी ट्रॉली पहिलीच्या रेषेत चालत नाही, ती वळणात आत कापते, हे लक्षात ठेवावे. रस्त्यावर पडलेली उसाची पाचट ओली असेल, तर टायर सरकतो.

१३. पावसाळ्यात घाट सर्वांत सुंदर दिसतो. तेव्हा जावे का?

गगनबावडा तालुका राज्यातील सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी एक आहे, त्यामुळे सुंदर दिसणे आणि न दिसणे दोन्ही तेथे होते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात ढग उतरला की वीस मीटरपुढचे दिसत नाही, दरड कोसळू शकते आणि कडेच्या काँक्रीटवर शेवाळ चढते. या दोन महिन्यांत घाट उतरू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. माथ्यापर्यंत जाऊन परत यायचे असेल, तरी आधी पुराची स्थिती पाहावी. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले की गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीसारख्या सखल जागी पाणी येण्याची शक्यता असते आणि वाहतूक थांबते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत संपूर्ण जिल्ह्याने ते अनुभवले आहे. गुडघाभरही वाहत्या पाण्यात सायकल घालू नये.

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरपर्यंत रान हिरवे असते आणि हवा कोरडी होत आलेली असते.

१४. ऐनवेळी घाट बंद असल्याचे कळले तर?

हे घडते. करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी वाहतुकीस दीर्घकाळ बंद ठेवला होता. गगनबावड्याहून भुईबावडा घाट हा दुसरा उतार आहे. तो अधिक अरुंद आणि वळणांचा आहे, आणि खारेपाटणच्या बाजूला उतरवत असल्याने त्या दिवशीचा मुक्काम बदलावा लागतो. 'सायकलच आहे, जाऊ देतील' या भरवशावर बंद घाटात शिरू नये. खोदकाम अर्धवट असते, सूचना फलक नसतात आणि वर सुटे दगड असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्र पाहावे आणि मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारावे.

१५. दाजीपूरच्या रस्त्यावर गवा आडवा आला तर काय करावे?

राधानगरी अभयारण्य गव्यांसाठीच ओळखले जाते, आणि पहाटे व संध्याकाळी ते रस्ता ओलांडतात. गवा दिसताच थांबावे, किमान पन्नास मीटर अंतर राखावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवावी आणि वाट पाहावी. घंटी वाजवू नये, ओरडू नये, फोटोसाठी पुढे सरकू नये. एक ओलांडून गेला म्हणजे कळप संपला असे नसते; मागे पिल्लू असू शकते, आणि पिल्लू व मादी यांच्या मध्ये सापडणे सर्वांत धोक्याचे. एकटा नर फुरफुरत तुमच्याकडे वळून उभा राहिला, तर पाठ न दाखवता सावकाश मागे सरावे. फोंडाघाटहून उजाडल्यावर निघणारा स्वार दाजीपूरला पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते, हाही प्रश्न ३ मधील दिशेचा एक फायदा आहे. मुख्य रस्ता सोडून अभयारण्याच्या आतील वाटांवर जायचे असेल, तर वन विभागाची परवानगी घ्यावी लागते.

१६. वाटेत पंक्चर झाले तर गावात दुरुस्ती होते का?

दुकान मिळते, पण तुमच्या सायकलीचा वॉल्व्ह त्याच्या पंपाला बसेलच असे नाही. गिअरच्या बऱ्याच सायकलींना बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो. गावातील पंप साध्या सायकलीच्या वॉल्व्हचा आणि पेट्रोल पंपावरील हवा मोटारीच्या वॉल्व्हची असते. पितळी अडॅप्टर नखाएवढा असतो, तो सीटखालच्या पिशवीत कायम असावा. त्यासोबत दोन ट्यूब, पॅचचा डबा, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, लहान पंप, षटकोनी चाव्या, चेन तोडण्याचे हत्यार आणि चेनची एक सुटी कडी असावी. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवावे. बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा आतच राहिला, तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. ही सगळी उठाठेव घरी एकदा घड्याळ लावून करून पाहावी.

१७. त्राण संपले किंवा सायकल मोडली तर परत कसे यावे?

वैभववाडी, गगनबावडा, फोंडा आणि राधानगरी येथून एसटीने परतता येते. सायकल घ्यायची की नाही हे गाडीतील जागा आणि वाहक-चालकांचे मन यांवर ठरते. चाके काढून बांधलेली सायकल घेण्यास ते लवकर तयार होतात. त्यामुळे जाड दोरी आणि जुनी चादर सोबत ठेवावी. मालवाहू टेम्पोही मिळतात, भाडे आधी ठरवावे.

वैभववाडीला कोकण रेल्वेचे स्थानक आहे, म्हणून 'रेल्वेने कोल्हापूरला येतो' असे काहीजण आखतात. कोकण रेल्वे आणि कोल्हापूर यांना थेट जोडणारा लोहमार्ग अस्तित्वात नाही, त्यामुळे हा बेत कागदावरच राहतो.

घाटात मोबाइलची रेंज सलग मिळत नाही. घरच्यांना माथ्यावरून आणि पायथ्यावरून निरोप द्यायचा आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तास वाट पाहून मगच हालचाल करायची, असे आधी ठरवलेले बरे. एकटे किंवा एकटी जाणाऱ्यांना हा नियम आम्ही सक्तीचा समजायला सांगतो.

१८. पहिल्या दिवशी ठीक असते, दुसऱ्या दिवशी बसवत नाही. उपाय काय?

मुक्कामाला पोहोचताच भिजलेली सायकलची चड्डी काढावी, अंग धुऊन कोरडे करावे, चहा नंतर. घासलेल्या जागी रात्री खोबरेल तेल आणि सकाळी व्हॅसलीन लावावे. सायकलच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नये, कारण शिवण तेथेच कापते. गुडघे पुढून दुखत असतील, तर सीट बहुधा खाली आहे. टाच पॅडलवर ठेवल्यावर पाय सरळ होईल इतकी ती वर घ्यावी. मागून दुखत असतील, तर ती फार वर आहे. पायात गोळे येत असतील, तर प्रश्न ८ पाहावा.

१९. घाट जमले. हाच हिशेब मनाली-लेहला लावता येईल का?

नाही. प्रश्न १ मधील १५ मिनिटे सह्याद्रीच्या हवेतील आहेत. मनाली दोन हजार मीटरवर आहे, रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर, आणि टंगलांग ला ५,३०० मीटरच्या पुढे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे तेच पाय तेवढा जोर लावू शकत नाहीत. शिवाय तेथे दिवसाची मर्यादा पाय ठरवत नाहीत, झोपण्याची उंची ठरवते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामाची उंची कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. पन्हाळा शंभरदा चढूनही या बाबतीत काहीच तयारी होत नाही, कारण शरीर विरळ हवेला सरावते ते विरळ हवेत राहूनच.

डोकेदुखी, मळमळ आणि झोप न येणे ही लक्षणे दिसली, तर त्या दिवशी वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा स्वस्थ बसूनही धाप लागू लागली, तर सायकल आहे तेथे सोडून, मिळेल त्या वाहनाने, रात्र असली तरी खाली उतरावे. दमा, हृदयविकार किंवा रक्तक्षय असणाऱ्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी डॉक्टरांची भेट घ्यावी.